कापडाचा विमा

मंगलाष्टका सुरू झाल्या की मांडवातली सगळी माणसं नवरा-नवरीकडं बघतात. नूरभाई वर बघायचे. अक्षता पडत असायच्या, मागच्या बायका टाचा उंचावून बघत असायच्या, आणि हा सहा फुटी माणूस एका खांबाला हात लावून, मान मागं टाकून, छताच्या कापडाकडं बघत उभा. शेजारी कुणी नवखा असला तर तोही वर बघायचा, की काय आहे बुवा तिथं. काही नसायचं. कापड जरा फुगायचं, जरा बसायचं. शेवटचं "सावधान" होऊन वाजंत्री वाजली की नूरभाई खांबावरचा हात काढायचे.

मी एकदा विचारलं, "नूरभाई, इतकी लग्नं लागली तुमच्या मांडवात, एखादी तरी नवरी बघितली का?"

"नवरी बघाया हजार मानसं असत्यात, मिस्तरी," ते म्हणाले. "कापडाकडं बघाया मी एकटाच हाय."

माझं पारनेरला वेल्डिंगचं दुकान आहे. शाळा तिसरीपर्यंत. पण माझ्या हातचा जोड सुटला असं सांगणारा माणूस अजून दुकानाची पायरी चढलेला नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. नूरभाईंची माझी ओळख ह्या जोडांमुळंच. वीस-बावीस वर्षं त्यांनी नगरला एका बड्या मंडपवाल्याकडं शिड्या चढण्यात काढली. एक खांदा कायम खाली झुकलेला, पाइप वाहून वाहून. पन्नाशीला आल्यावर त्यांनी स्वतःचा धंदा काढायचं मनावर घेतलं. बँकेचं कर्ज, एक जुना टेम्पो, पाइप, कापड. झालरी त्यांच्या बायकोनं, रशिदाभाभींनी, घरच्या मशीनवर शिवल्या. पाइपांचे पाय, कड्या, खुंट्या मी केल्या. प्रत्येक खुंटी नूरभाईंनी दगडावर आपटून घेतली. मला राग आला.

"माझ्या मालावर संशय घेता?"

"मालावर न्हाई. दगडावर घेतो," ते म्हणाले, आणि पुढची आपटली.

बोलणं असं तिरकं, पण आवाज कधी चढायचा नाही. मांडव घालायच्या जागेवर गेले की आधी चप्पल काढायचे. टाचेनं जमीन दाबून बघायचे, चिमूटभर माती बोटात चोळायचे. आमच्याकडं वरच्या अंगाला मुरूम. पहारीनं घाम काढतो, पण एकदा खुंटी धरली की सोडत नाही. खालच्या रानात काळी माती. "लवकर आत जानारी खुंटी लवकरच भायेर येती," असं ते कामावरच्या माणसांना सांगायचे. आणि दुसरं एक म्हणायचे, "मांडव म्हंजी एका दिवसाचं घर. पन घरच हाय ते."

जेवायचे सगळ्यात शेवटी, उभ्यानं. यजमान किती आग्रह करायचा. "खाली पावनं हायेत अजून," एवढंच उत्तर. शेवटचा पाहुणा मांडवातून बाहेर पडेपर्यंत त्यांना घास जायचा नाही.

आणखी एक सवय होती. मला ती आधी खुळचट वाटायची. मांडव यजमानासाठी, पाहुण्यांसाठी. आचाऱ्याच्या भट्टीवर पत्रा असतो. पण त्याच्या मागं, जिथं बायका भांडी घासायला बसतात, तिथं कुणी काही घालत नाही. वैशाखातलं ऊन, राखेत हात, पातेलं तापून चटके बसतायत. नूरभाई ऑर्डर कितीचीही असो, चार पाइप आणि एक जुनं कापड घेऊन त्या बायकांच्या डोक्यावर सावली करायचे. त्याचा पैसा लावायचे नाहीत. मी म्हटलं, "ऑर्डरीत न्हाई ते कशाला करता?"

म्हणाले, "माजी आई भांडी घासायची लोकांच्या लग्नात."

अडून बसायचे ते एकाच गोष्टीवर. एका पुढाऱ्याच्या घरचं लग्न होतं. त्यांचा माणूस आला, म्हणाला, मधले खांब काढा, शूटिंगला आडवे येतात. आम्ही तिथंच चहा पीत होतो.

"खांब निघनार न्हाईत," नूरभाई म्हणाले.

"अहो, ड्रोन आणलाय पुण्यावरनं!"

"मग त्याला सांगा खांबाला वळसा घालाया."

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेब छताखाली बसनार का छतावर?"

तो माणूस तणतणत गेला. खांब राहिले. पुढाऱ्याच्या घरचं पुढचं लग्न दुसऱ्या मंडपवाल्याला गेलं. नूरभाईंना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र हा माणूस त्या दिवसापासून फार आवडला, कारण मीही असाच आहे. माझं म्हणणं मी मोडू देत नाही. पण माझ्या आणि त्यांच्या हट्टात फरक होता. त्यांचा हट्ट छताखालच्या माणसासाठी होता. माझा माझ्यासाठी. हे मला उशिरा कळलं, आणि ते कळायला जे घडलं ते आता सांगतो.

धंद्याच्या पूजेच्या दिवशी देशमाने नावाचे एक विमा एजंट आले होते. संगमनेरकडचे, साधे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. टेम्पोला हार घातलेला, नारळ फुटलेला, पेढे वाटणं चाललेलं. देशमान्यांनी पेढा घेतला आणि पिशवीतनं एक फॉर्म काढला.

"बँकेनं कर्जाबरोबर विमा उतरवला असेल ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय, उतरवलाय," नूरभाई म्हणाले. "सगळ्याचा हाय."

"सगळ्याचा नाही हो. तो तुमच्या मालाचा आहे. आग, चोरी, वादळ. उद्या तुमच्या मांडवामुळं दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्यातून काही मिळत नाही. गाडीला कसा थर्ड पार्टी असतो, तसा धंद्याला वेगळा काढावा लागतो. नवीन धंद्याला तर आधी तोच लागतो. जुन्या माणसाच्या गाठीला काहीतरी असतं. नव्याला एक दणका बसला की उठता येत नाही."

शुभ दिवस, आणि हा माणूस इजा, दणका असलं बोलतोय. मला राहवलं नाही.

"ओ देशमाने," मी म्हटलं, "आजच नारळ फुटलाय, अन तुमी आजच मांडव पाडाया लागला? आनी एक पेढा खा अन सुटा."

लोक हसले. देशमानेही कसंनुसं हसले. नूरभाई हसले नाहीत. फॉर्म हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. "काय म्हनता, मिस्तरी?"

त्यांनी मला विचारलं. चार शिकलेली माणसं तिथं होती, बँकेतला शिपाई होता, मास्तर होता. त्यांनी मला विचारलं, आणि त्या मानानं माझी छाती फुगली.

"जोड माझे, खुंट्या माझ्या," मी म्हटलं. "इमा त्यानं काढावा ज्याचा आपल्या कामावर भरवसा न्हाई."

नूरभाईंनी फॉर्मची घडी केली, चौघडी, आणि वरच्या खिशात ठेवली. देशमाने म्हणाले, विचार करा, फार महागही नसतो. आणि गेले.

दोन हंगाम चांगले गेले. तिसऱ्या वर्षी, वैशाखातच, वरच्या अंगाच्या एका गावात लग्न होतं. मला यजमानाचं आमंत्रण होतं म्हणून मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. मोठा मांडव मुरमावर, भक्कम. पण आचाऱ्याच्या मागची जागा नांगरलेल्या रानात येत होती. भांडी घासायला तीन बायका होत्या. त्यातली एक हौसाबाई, गावातलीच, नवरा नसलेली, लग्नसराईत भांडी आणि एरवी खुरपणी करून जगणारी. नूरभाईंनी नेहमीप्रमाणं चार पाइप रोवले, जुनं कापड ताणलं. खुंट्या हातानं आत गेल्या. त्यांना ते आवडलं नाही. कडेनं दगड ठेवले, आणि हौसाबाईला म्हणाले, "ताई, टेम्पोतल्या लांब खुंट्या आनून ठोकतो. तवर जरा अलीकडं सरकून बसा."

"बसते की, भाऊ. एवढी सावली कोन देतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात भटजींनी माइकवरून हाक दिली. मुहूर्त गाठायचा होता. नूरभाई टेम्पोकडं निघालेले, ते मांडवाकडं वळले. मंगलाष्टका चालू असताना ते कापडाखाली नाहीत असं कधी झालं नव्हतं. आता पाच मिनिटं, मग खुंट्या. खांबाला हात लावून वर बघत उभे राहिले. मी त्यांच्या शेजारीच होतो.

वावटळ आमच्या भागात काही नवी नाही. दुपारी रानातनं धुळीचा खांब फिरत येतो, पोरं त्याच्यात चप्पल फेकतात. ती आली. मोठ्या मांडवाचं कापड फडाडलं, फुगलं, खांब करकरले. पण राहिलं. लोकांनी टोप्या धरल्या, कुणी हसलंही. नूरभाईंच्या कपाळावरची शीर ताठ झाली आणि मग सैल पडली. आणि तेव्हा मागून बाई ओरडली.

आम्ही धावलो. मागचं कापड पार बांधावर जाऊन पडलं होतं. त्याच्याबरोबर खुंट्या उपटून वर गेल्या होत्या आणि एक पाइप उलटा होऊन हौसाबाईच्या पाठीत बसला होता. ती राखेत पालथी. एका हातात अजून घासणी. नूरभाई गुडघ्यावर बसले, "ताई, ताई" करत. मी तो पाइप उचलला. त्याचा पाय, मी जोडलेला, तसाच होता. जोड सुटला नव्हता. मेलेल्या जनावरासारखा तो पाइप हातात धरून मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, सुटला असता तर बरं झालं असतं.

त्याच टेम्पोत घालून तिला नगरला नेलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र लुळं पडलं.

यजमान आठव्या दिवशी म्हणाला, "बाई आचाऱ्यानं आनली, मांडव तुजा. माजा काय संबंध?" आचारी म्हणाला, "मी सावली मागितली न्हवती." ते दोघंही खरंच बोलत होते. हौसाबाईच्या दिराला अचानक वहिनीची माया आली, आणि वकिलाची नोटीस आली. नूरभाईंनी नोटीस मला वाचायला दिली, आणि मी ती मास्तरांकडून वाचून घेतली. नूरभाई शांत होते. "इमा हाय की," ते म्हणाले. "वादळाचा हाय. वादळच हुतं ते."

देशमाने काय म्हणाले होते ते मला शब्दाशब्दानं आठवत होतं. माझ्याच्यानं बोलवलं नाही.

विमा कंपनीचा माणूस नगरहून मोटारसायकलवर आला. सभ्य होता. त्यानं फाटलेलं कापड अंगणात पसरायला लावलं, टेप लावून मोजलं, वाकलेल्या पाइपाचा फोटो काढला, कागदावर लिहिलं. म्हणाला, "चाचा, कागद व्यवस्थित आहेत. ह्याचे पैसे येतील तुम्हाला."

"अन बाईचे?"

"कोणत्या बाईचे?"

नूरभाईंनी सांगितलं. त्या माणसानं पेन खाली केलं. "ती ह्याच्यात नाही बसत, चाचा. ती वेगळी पॉलिसी असते. तुमच्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर, त्याची. तुम्ही काढलेली नाही."

"कापड फाटलं त्याचे हायेत, अन बाईची पाठ मोडली त्याचे न्हाईत?"

"हा कापडाचा विमा आहे, चाचा."

रशिदाभाभी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. नूरभाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं. शिवी द्यायला पाहिजे होती. त्यांनी खाली वाकून कापडाची घडी घालायला सुरुवात केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, जसं नवं कापड घडी करतात तसं.

कोर्टाची पायरी त्यांनी कुणाला चढू दिली नाही. दिराला बोलावलं, गावातले चार जण बसवले, आणि म्हणाले, "भांडू नका. मांडव माजा हुता. बाईच्या दवापान्याला, खान्यापिन्याला मी हाय." सगळ्यात आधी टेम्पो गेला. मग पाइप, मग मोठं कापड, मग रशिदाभाभींच्या हातच्या झालरी. त्या घेणाऱ्यानं विचारलं, "ह्या कुनी शिवल्यात? लई बारीक काम हाय." भाभी आत गेल्या. बँकेचे हप्ते राहिलेच होते. पन्नाशीच्या पुढचा माणूस पुन्हा दुसऱ्याच्या मांडवाच्या शिड्या चढायला लागला, रोजावर. आणि दर मंगळवारी हौसाबाईच्या गावी जायचे, दळण घेऊन, औषधं घेऊन. कधी चुकलं नाही.

एका मंगळवारी मीही बरोबर गेलो. वाटेत बोलून टाकायचं ठरवलं होतं. एसटीतनं उतरलो, धूळ खाली बसेपर्यंत थांबलो, आणि म्हटलं, "नूरभाई, त्या दिवशी मी आडवा आलो नसतो तर—"

त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. "मिस्तरी, फारम माज्या खिशात हुता. तुमच्या न्हाई."

एवढंच. मग दळणाचा डबा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. त्यांनी मला सोडवलं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटलं नाही. ज्याची चूकसुद्धा दुसराच उचलून नेतो, त्याच्याकडं उरतं काय?

त्यानंतर त्यांना एक खोड लागली. तालुक्यात कुठं नवा धंदा निघाला, फुलं लागली, नारळ फुटला, की हे तिथं. कुणी खानावळ काढलेली, कुणी लहान पोरांचे पाळणे जत्रेला घेऊन जाणारं, कुणी गॅसच्या शेगड्या भाड्यानं देणारं. पेढा घ्यायचे आणि विचारायचे, "इमा उतरवला का? सोताच्या मालाचा न्हाई, लोकांचा?" लोकांना ते अपशकुनासारखं वाटायचं. एका दुकानदारानं तर हात जोडले, "चाचा, आजच्या दिवशी नको हो." कुणी मागं म्हणायचं, ह्याचं वाटोळं झालं म्हणून दुसऱ्याला भिववत फिरतो. मी ते ऐकलं की भांडायचो. पण नूरभाई दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात परत जायचे. "काल सन हुता म्हनून गेलो. आता सांगा."

खानावळवाल्या बाईनं मात्र ऐकलं. पुढं तिच्या डब्यातनं काही जणांना बाधा झाली, आणि दवाखान्याचा खर्च विम्यातनं निघाला, खानावळ चालू राहिली. ती पेढे घेऊन आली होती. नूरभाईंनी एक पेढा अर्धा मोडून मला दिला. मीही त्याच आठवड्यात देशमान्यांना दुकानात बोलावलं. त्यांनी जुनं काही काढलं नाही. मी सही केली.

मग नूरभाईंच्या छातीत दुखायला लागलं. शिडी बंद झाली. मुलगी कोपरगावला दिलेली, ती म्हणाली, अब्बा, आता इथं राहू नका. भाभीही थकल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी नूरभाई दुकानात आले. म्हणाले, "ताईला सांगून येऊ. चला."

हौसाबाई ओट्यावर बाजेवर बसून गहू निवडत होती. नूरभाई खाली चपला काढून वर चढले, उंबऱ्याशी उभे राहिले. बसले नाहीत.

"ताई, मी कोपरगावला चाललो. लेकीकडं. मंगळवार हुनार न्हाई आता."

तिनं सूप खाली ठेवलं. "कायमचं?"

"तब्येत बरी न्हाई."

तिनं बाजेवर सांडलेले गहू वेचून सुपात टाकले. मग म्हणाली, "जावा. मी काय पळून जाती का कुठं?" आणि हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

"ताई, मला माफ करा."

"कशाचं माफ, भाऊ? भर उन्हात सावली केली कुनी माज्यासाठी? माज्या सख्ख्या भावानं न्हाई केली."

हौसाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर नूरभाईंनी त्या सोसल्या असत्या. दिराच्या शिव्या, यजमानाचं तोंड, बँकेच्या चकरा, सगळं त्यांनी मान खाली घालून सोसलं होतं. हे सोसवलं नाही. सहा फुटी माणूस दाराची चौकट धरून रडला, आवाज न करता, नुसती पाठ हलत होती. हौसाबाईला उठता येत नव्हतं. ती बाजेवरून हात लांब करून "भाऊ, ओ भाऊ" म्हणत राहिली, आणि हात पोचत नव्हता.

"तुमच्याकडं कोन बघंल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी," मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं. "मंगळवारी मी येत जाईन."

नूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. ओट्यावरून उतरले, आणि चपलेत पाय घालायला लागले. डोळे भरलेले, अंगठा जागेवर जाईना. एकदा झालं, दोनदा झालं. मी आजवर कुणाच्या पाया पडलेलो नाही. बापाच्याही जेवढ्यास तेवढा. मी खाली बसलो, त्यांचा घोटा धरला आणि चप्पल चढवली. पाय तापलेला होता, टाच सगळी भेगाळलेली.

"मिस्तरी, ह्ये काय करता? लोक बघत्यात."

"बघू द्या," मी म्हटलं.

मी दुसरी चप्पल चढवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला, आणि सावरल्यावरही थोडा वेळ तो तिथंच ठेवला.